बदामाच्या बिस्किटात बदाम

मेनोने चष्मा कपाळावर सरकवला, पुडा डोळ्यांजवळ नेला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "बदामाची बिस्किटं. सूचना : यात बदाम आहेत."

व्हीत्स्केला हसू आलं. यायला नको होतं. ते लपवायला ती कॉफी ओतायच्या निमित्ताने वळली.

लग्न झाल्यापासून हा खेळ याच स्वयंपाकघरात चालायचा. मेनोने पुड्यावरचा मजकूर बातम्यांसारखा वाचायचा आणि तिने हसून हसून ठसका लागेपर्यंत ऐकायचं. मग गेल्या वसंतात तो सायकलवर दोन बॅगा लादून बंदरापलीकडे इरमाकडे राहायला गेला. आज पुडा घेऊन परत दारात. इरमाने त्याला बाहेर काढल्याचं व्हीत्स्केला सकाळी बेकरीतच कळलं होतं.

तिने बिस्किटं निळ्या पत्र्याच्या डब्यात ओतली. डबा सासूबाईंचा, आणि त्याच्याबरोबर आलेला नियमही त्यांचाच : पाहुण्याला कॉफीबरोबर एक बिस्कीट दिलं की झाकण बंद. घरच्यांसाठी डबा उघडा. पहिल्यांदा मेनोच्या घरी गेली तेव्हा ते झाकण तिच्या नाकासमोर टक्कन बसलं होतं. साखरपुड्यानंतरच्या रविवारी ते उघडं राहिलं, तेव्हा कुठे तिला आपण त्या घरच्या झाल्यासारखं वाटलं.

आज झाकण तिने हातात घेतलं, मग टेबलावर ठेवलं. मेनोने ते पाहिलं.

"आलोच," म्हणत तो संडासात गेला आणि खुशीत बाहेर आला. "आतल्या भिंतीवरच्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर माझं नाव आहे की अजून!"

"मेलेल्यांचीही आहेत. तारीख पाठ असली की खोडून काय उपयोग?"

"तुझी जीभ म्हणजे ना!" तो मोकळेपणाने हसला, बसला, एक बिस्कीट उचललं. "वरची खोली रिकामीच असेल?"

"इस्त्री करते मी तिथे."

"इस्त्रीला कितीशी जागा लागते गं?"

खिडकीबाहेरून शेजारीण सायकलवरून गेली, आत डोकावली, हात हलवला. मेनोने घरच्या माणसासारखा हात हलवला.

"खरं सांगू का, व्हीत्स्के..." त्याने आवाज खाली आणला.

तिने कप खाली ठेवला.

"तिच्याकडे जिना एवढा उभा, माझे गुडघे गेले. बिस्किटं आणायची तीही भुशासारखी. आणि हसायचं म्हणून नाही. पुडा वाचून दाखवला की म्हणायची, मला वाचता येतं."

व्हीत्स्के वाट पाहत राहिली. एवढ्यावर संपणार नाही, पुढे अजून एक वाक्य असेल. दोन शब्दांचं असलं तरी चालणार होतं. टेबलावर सांडलेला चुरा तिने बोटाने गोळा केला, पुन्हा पसरला.

"तुझ्याकडे कसं, सगळं जिथल्या तिथे," मेनो म्हणाला. वाक्य ते नव्हतं. त्याने रिकामा पुडा उलटा केला आणि त्याचे डोळे चमकले. "अगं, हे ऐक! 'उघडल्यानंतर घट्ट बंद करावे.' आता हेसुद्धा सांगायला लागतं का माणसांना?"

"काहींना लागतं," ती म्हणाली.

तो हसत हसत दुसऱ्या बिस्किटासाठी पुढे झुकला. व्हीत्स्केने झाकण उचललं, डब्यावर ठेवलं आणि तळव्याने दाबलं. टक्कन आवाज झाला.

मेनोचा हात वाटेतच वळला आणि साखरेच्या वाटीपाशी जाऊन थांबला. कॉफीत साखर तो कधीच घालत नसे.

तिने चमचा त्याच्याकडे सरकवला.