सहामाही संपाचा बंब

मित्रांनो, मी एक जुना चहाचा बंब आहे. तुमच्याकडच्या आंघोळीच्या पाण्याचा नव्हे. उत्तर इंग्लंडातल्या थॉर्नबेक गावच्या बस डेपोत चालकांच्या चहाचं पाणी उकळणारा, तोटीचा, स्टीलचा. माझा एक पाय आखूड आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा चारही पाय धड होते. लॉरीतून उतरवताना दोघांनी एकमेकांवर भरवसा ठेवला आणि मला कोणीच धरलं नाही. या डेपोची ही खोड काही आजची नाही.

तरी सुरुवातीला माझे फार लाड झाले. महिन्याच्या महिन्याला व्हिनेगर घालून कोणी ना कोणी माझ्या पोटातले क्षार काढी. सकाळची पहिली बस नेणारी हेझल ऑक्लंड तर माझ्या झाकणावर थाप मारून म्हणायची, "हा आहे म्हणून मी आहे, बाकी नवऱ्यावर काय विसंबायचं!" मग ती तिचा भलामोठा मग काठोकाठ भरून घेई.

पुढे प्रेंटिस नावाचे नवे मॅनेजर आले आणि त्यांनी वेळापत्रक आखडलं. शेवटच्या स्टॉपवर चालकाला दहा मिनिटांचा थांबा असे, तो काढून टाकला. ती दहा मिनिटं म्हणजे चैन नव्हती. तेवढ्यात चालक शौचालयात जाऊन येत. आता बस वळवायची की लगेच निघायचं. म्हणून हेझलनं चहा सोडला. नंतर पाणीही सोडलं. दोनदा तिला लघवीच्या जंतुसंसर्गानं अंथरूण धरावं लागलं. रोज सकाळी ती माझ्याजवळ येई, रिकामा मग हातात फिरवी आणि परत ठेवून देई. मित्रांनो, उकळतं पाणी पोटात घेऊन ते बघत उभं राहणं काय असतं, ते मला विचारा.

शेवटी चालकांनी संप करायचा ठरवला. पण तिथला कायदा असा की मत डेपोत देता येत नाही. मतपत्रिका प्रत्येकाच्या घरी टपालानं येते आणि टपालानंच परत धाडावी लागते. निम्म्या लोकांनी तरी ती धाडली नाही तर सगळं मुसळ केरात. आणि एवढं करून मिळालेली परवानगी सहा महिनेच चाले. नंतर पुन्हा लिफाफे, पुन्हा टपाल.

पहिल्या खेपेला मतं पडली. दर सोमवारी संप सुरू झाला. शेजारच्या चर्चमधून वायर ओढून मला गेटवर मांडलं. हेझल त्या दिवशी तीन मग प्यायली! प्रेंटिससाहेब गाडीची काच खाली करून हसत म्हणाले, "प्या, मनसोक्त प्या. मार्चपर्यंतच ना?" गृहस्थ दुष्ट नव्हते, पण कॅलेंडर वाचता येत होतं. पाचव्या महिन्यात त्यांनी बोलणी करायचं कबूल केलं आणि सहाव्यात रजेवर गेले.

दुसऱ्या मतदानाचे लिफाफे आले. क्लिफ्टन बार्टली हा चालकांच्या संघटनेचा पुढारी. तो प्रत्येकाच्या मागे भुणभुण लावी, "अरे, टाकलंस का पोस्टात? बायकोवर सोडू नकोस, बाबा!" सगळे म्हणत, "टाकलं रे, टाकलं." एका सोमवारी वाऱ्यानं मी डगमगू लागलो. हेझल ओरडली, "क्लिफ्टनराव, बंब पडतोय!" दोन्ही हातांत मग असलेल्या क्लिफ्टननं ते कसेबसे खाली ठेवले, कोटाच्या खिशातून हाताला लागला तो कागद काढला, घडी घातली आणि माझ्या आखूड पायाखाली सारला. तो त्याचा स्वतःचा लिफाफा होता, मित्रांनो! आत मतपत्रिका भरून चिकटवलेला! मी वाफ सोडली, झाकण आपटलं, तोटीतून ठिबकलो. हेझल म्हणाली, "आज फारच तापलाय गं बाई हा." आणि मला बंद केलं.

निम्म्याला चार-पाच मतं कमी पडली. संपाची परवानगी गेली. मला उचलून आत नेताना खाली लिफाफा निघाला, वर चहाचा गोल डाग. क्लिफ्टन म्हणाला, "मला वाटलं, मी टाकलं होतं." एकानं कबूल केलं की त्याचा लिफाफा फ्रिजवर आहे. दुसऱ्याचा गाडीत, पार्किंगच्या पावत्यांखाली. हेझल कडाडली. "सहा महिने गारठ्यात उभे राहिलात, आणि टपालपेटीपर्यंत जायला पाय मोडले होते?" दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा रिकामा मग जागेवर ठेवला.

मला तर कोनाड्यात ढकललं. पोटात क्षार साचले, तोटी गळू लागली. मग बातमी आली की कायदा बदलला, आता एकदा मत दिलं की परवानगी वर्षभर टिकणार. क्लिफ्टन नाचला. हेझल नाही नाचली. नवे लिफाफे आले तशी तिनं सगळ्यांना ते घेऊन डेपोबाहेरच्या लाल टपालपेटीपाशी बोलावलं आणि पोलिसासारखी उभी राहिली. "मला दाखवू नका, आत टाका. हात रिकामा बाहेर आला पाहिजे. क्लिफ्टनराव, आधी तुम्ही."

पुन्हा सोमवार, पुन्हा गेट. सहावा महिना आला तसे प्रेंटिससाहेब सवयीनं रजेवर गेले. परतले तेव्हा आम्ही तिथेच! सातवा महिना मी आयुष्यात प्रथमच उघड्यावर पाहिला. झाडांना पानं होती. साहेबांनी काच खाली केली. "अजून? कधीपर्यंत?"

"चहा संपेपर्यंत," हेझल म्हणाली. "आणि हा बंब मोठा आहे, साहेब."

दहा मिनिटांचा थांबा परत मिळाला. त्या सकाळी हेझलनं पहिल्या बसआधी मग काठोकाठ भरला, उभ्याउभ्या संपवला आणि पुन्हा भरला. मला रडू आलं असतं, पण तोटी नवी बसवली होती.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपा. वेळच्या वेळी क्षार काढा. पाय डुगडुगत असेल तर लाकडाचा तुकडा शोधा, तो कुठेही मिळतो. पण तुमचं मत माझ्या पायाखाली घालू नका. ते दिल्याशिवाय हेझलचा मग भरत नाही.