बटणावर हात

सासरेबुवांचं, म्हणजे बाबांचं, आयुष्य पाणीपुरवठ्याच्या पंपावर गेलं. त्यामुळे पंप म्हटलं की त्यांना एकच कळतं, जोर. गॅरेज चालवते मी, पण पंपाचा विषय निघाला की घरात माझं कोण ऐकतंय!

पाय गेल्यापासून बाबा घराबाहेर पडले नव्हते. थोरल्या भावाला एकदा भेटायचंय, हा एकच धोशा. म्हणून मी जुन्या मोटरसायकलला साइडकार जोडली. पल्ला लांबचा, तेव्हा मोठी टाकी मागे, खालच्या अंगाला बसवली. आता टाकी कार्बोरेटरच्या खाली. पेट्रोल आपोआप उतरणार नाही, ते वर ढकलायला पंप हवाच.

टेबलावर दोन पंप होते. एक लहानसा, कमी दाबाचा. दुसरा नव्या मोटारीतला, दणकट. बाबांनी दणकट उचलला.

"बाबा, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवायला बारीकशी सुई असते. एवढा दाब तिला झेपायचा नाही."

"सूनबाई, मी अख्ख्या गावाला पाणी पाजलंय. मला पंप शिकवू नकोस."

माझं डोकंच सटकलं. म्हटलं, बरं, दाखवतेच. फार तर चार थेंब गळतील आणि यांची खोड मोडेल.

टाकीतून फिल्टर, फिल्टरमधून पंप, पंपातून नळी वर कार्बोरेटरला. क्लिपा आवळल्या. पंपाचं बटण वेगळं, मोटरसायकलच्या पलीकडच्या बाजूला. इंजिन बंद पडलं तरी पंप थांबता कामा नये, हाही बाबांचाच हुकूम. सकाळभर वर टांगलेल्या बाटलीतून पेट्रोल देऊन इंजिन जुळवलं होतं, ते चटके देत होतं. बाबा हट्टानं साइडकारमध्ये बसले, पट्टा लावून घेतला. मी बटण दाबलं, किक मारली आणि मागची नळी बघायला त्यांच्या बाजूला आले.

पेट्रोल थेंबांनी आलं नाही, धारेनं आलं. तापल्या इंजिनावर चर्रर्र झालं, वाफ उठली. इंजिन गुदमरून बंद पडलं. पंप मात्र गुणगुणतच होता.

मी पट्ट्यावर झडप घातली. कडी सुटेना. बाबांनी माझ्या हातावर फटका मारला.

"मला सोड! आधी पंप!"

"बाबा..."

"आधी पंप बंद कर म्हणतो ना!"

मी पळत वळसा घातला, बटण दाबलं. मग त्यांच्या काखांत हात घालून त्यांना भिंतीपर्यंत ओढत नेलं. आता भडकेल, मग भडकेल म्हणून दोघं बघत बसलो. भडकलं नाही. नशीब आमचं. मी हमसून हमसून रडले आणि बाबांनी पहिल्यांदाच मला काही शिकवलं नाही.

चार दिवसांनी लहान पंप बसवला. इंजिन थांबलं की तोही थांबेल अशी तार जोडली, आणि वरून एक बंद करायचं बटण बाबांच्या हाताशी दिलं. नळी कार्बोरेटरला लावण्याआधी पंप बरणीत चालवून दाखवला, तेव्हा त्यांनी धार पाहिली.

"एवढीशीच?"

"एवढीच लागते."

"बांध पट्टा."

ते घाबरले नव्हते, मी घाबरले होते. "एक हात सतत बटणावर, बाबा. जरा वास आला की दाबायचं. कळलं?" त्यांनी मान डोलावली.

कोपऱ्यावर वळताना मी तिरकं पाहिलं. एका हातानं कड धरलेली, दुसऱ्यानं ते रस्त्यात दिसेल त्याला हात करत होते.

"बाबा! बटणावर हात ठेवा!"

"कशाला?" हात तसाच वर ठेवून ते ओरडले. "पंप तू बसवलायस ना!"