बिबट्या नको, भोंगा

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. त्या दिवशी मात्र मी ठरवून गेले होते, की तोंड उघडायचं नाही. हॉकी क्लबच्या अध्यक्षांनी मला बैठकीला बोलावलं होतं ते फक्त एवढं सांगायला, की जर्सीचा कुठला रंग पहिल्या धुण्यात उतरतो आणि कुठला टिकतो. माझं छपाईचं दुकान आहे. शाळांचे गणवेश, दुकानांच्या पिशव्या, निवडणुकीचे झेंडे, जे येईल ते छापते.

बैठकीचा विषय होता संघाचं नाव आणि चिन्ह. संघ जुना, गाव नवं. बंदराच्या गावातलं त्यांचं मैदान गोदामांसाठी गेलं आणि अठरा खेळाडू, स्टिकांची दोन पोती आणि त्यांचे मास्तर असे सगळे आमच्याकडे राहायला आले. आमच्याकडे मैदान होतं, नऊशे जणांचा स्टँड होता, फक्त खेळायला कोणी नव्हतं. त्यांचं जुनं नाव 'दर्यावर्दी'. आता आमच्या गावात पाणी म्हणाल तर काचेच्या कारखान्यामागचं तळं. त्यात चार बदकं उतरली की गर्दी होते. तेव्हा नाव बदलणं आलंच.

अध्यक्षांनी मोठ्या शहरातून एक डिझाइनवाला आणला होता. त्याने भिंतीवर चित्र पाडलं. काळा बिबट्या, चौदा दात, डोळ्यांतून ठिणग्या, मागे वीज कडाडतेय.

"ब्लॅक पँथर्स," तो म्हणाला. "आक्रमकता, वेग, तरुणाई."

अध्यक्षांनी मान डोलावली. अंगाने बारीक, गळ्यात शिट्टी, बोलणं मोजकं असे मास्तर खाली मान घालून बसले होते. मग अध्यक्षांनी मला विचारलं, "काय, रंग टिकेल ना?"

"रंग टिकेल हो," मी म्हणाले, आणि तिथेच थांबायला हवं होतं. "पण हे लांबून दिसणार काय?"

आमच्या दुकानाची एक रीत आहे. ठसा कागदावर कितीही देखणा असो, आम्ही तो आधी फडक्यावर छापतो, फडकं दुकानासमोरच्या दोरीवर टांगतो आणि गल्लीच्या टोकाला पिठाच्या गिरणीपाशी जाऊन उभे राहतो. तिथून ओळखू आला तर तो ठसा, नाहीतर पायपुसणं. हे मी सांगितल्यावर डिझाइनवाला हसला. त्याचं हसणं मला लागलं, म्हणून मी हट्टच धरला. दुसऱ्या दिवशी बिबट्या दोरीवर चढला. अध्यक्ष त्यांचे चकचकीत बूट सांभाळत गल्लीच्या टोकाशी आले, डिझाइनवाला आला, मास्तरही आले. गिरणीवाल्या आजी दारातच पीठ चाळत होत्या.

"आजी, त्या फडक्यावर काय दिसतंय?" अध्यक्षांनी विचारलं.

आजींनी डोळे बारीक केले. "शाई सांडलीय कुणीतरी. रॉकेल लावा, निघेल."

मास्तर त्या दिवशी पहिल्यांदा हसले. अध्यक्ष मात्र लाल झाले. "मग तुम्हीच द्या नाव," ते मला म्हणाले. "चिन्ह पण तुम्हीच काढा. आठ दिवसांत. बघू तरी."

झालं! 'आ बैल, मुझे मार' म्हणतात तसं स्वतःच ओढवून घेतलं होतं मी, आता कुणाला बोलणार?

तीन दिवस मी नुसते कागद फाडले. चौथ्या दिवशी जर्सीची मापं घ्यायला मैदानावर गेले. मैदान काचेच्या कारखान्याच्या भिंतीला लागूनच आहे. पोरांचा सराव चालू होता. एकाने झकास गोल मारला, आणि मी काहीतरी विचित्र पाहिलं. कोणी ओरडलं नाही. सगळी पोरं जागच्या जागी थांबली आणि क्षणभर वर बघत राहिली. मग खाली माना घालून पुन्हा खेळायला लागली. दुसऱ्या गोललाही तेच.

"हे काय करतात?" मी मास्तरांना विचारलं.

मास्तरांनी आधी शिट्टीशी चाळा केला. मग म्हणाले, "ताई, आमचं मैदान धक्क्याला लागून होतं. गोल झाला की नांगरलेल्या बोटी भोंगा द्यायच्या. एकीने दिला की दुसरी, मग तिसरी. लहानपणापासून ऐकलंय पोरांनी. इथं येऊन तीन महिने झाले, अजून वाट बघतात." मग हळूच म्हणाले, "मी पण बघतो. वेडेपणाच आहे."

"आणि इथं नाही जमलं तर?"

"तर अठरा जण अठरा दिशांना. कुणी गोदामात लागेल, कुणी रिक्षा चालवेल. एकदा पांगले की मला पुन्हा नाही गोळा करता येणार. एवढा एकच संघ बांधला मी आयुष्यात."

त्या रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. घरी म्हणजे मामंजींना, कारण आमचे हे ट्रक घेऊन महिन्यातले वीस दिवस बाहेरच असतात. आता मामंजींबद्दल सांगायला हवं. माझे हे सासरे काचेच्या कारखान्यात भोंगेवाले होते. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच, एकतीस वर्षं, एक मिनिट इकडे की तिकडे नाही. गावातली घड्याळं त्यांच्यावर लावायचे लोक. दोन वर्षांपूर्वी कारखान्यात हजेरीची कार्डं टोचायची यंत्रं आली, भोंगा उतरवला आणि मामंजी निवृत्त झाले. तेव्हापासून रोज पाचला पाच कमी असताना ते खुर्चीतून उठतात, उभे राहतात आणि मग पुन्हा बसतात. मी बघते, पण बोलत नाही. एवढं मलाही कळतं.

माझं सांगून झाल्यावर ते उठले. हात धुतले, पंच्याला पुसले आणि दारात उभे राहून म्हणाले, "कारखान्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडलाय तो. मोटर चांगली आहे. बेअरिंगला ग्रीस लागेल, बाकी काही नाही."

"कोण?"

"भोंगा गं. कोण काय! पोरांना ऐकायचाय ना?"

मी ताट तसंच ठेवलं आणि पेन्सिल घेतली.

चिन्ह लगेच साधलं असं नाही. सहा फडकी वाया गेली. पहिलं चित्र नरसाळ्यासारखं दिसत होतं, दुसरं थेट कमोडसारखं, त्यावर न बोललेलंच बरं. शेवटी भोंग्याचं रुंद तोंड ठेवलं आणि त्यातून निघणाऱ्या तीन कमानी. बस. जर्सी त्यांचीच जुनी, समुद्राची निळी. त्यावर आमच्या कारखान्याच्या बाटल्यांचा हिरवा ठसा देऊन बघितला, तर गल्लीच्या टोकाहून निळ्यात हिरवा मरून गेला. म्हणून ठसा पांढरा केला आणि हिरवा रंग बाह्यांच्या पट्टीला दिला. सातवं फडकं दोरीवर टांगून मी गिरणीपाशी गेले. आजींना काही विचारायच्या आधीच त्या चाळण खाली ठेवून उभ्या राहिल्या.

"अगं बाई, आपला भोंगा! कुणी छापला?"

मला रडूच आलं. आजींनी मला पिठाच्या हाताने थोपटलं, ब्लाउजवर पाच बोटं उमटली.

अध्यक्ष मात्र बैठकीत पोट धरून हसले. "भोंगा? हॉकीच्या संघाचं नाव भोंगा? समोरचे हसून हसून मरतील."

"मग जिंकणं सोपंच जाईल," मी म्हणाले.

"आणि लोक? लोक येतील याला?"

"बसायला जागा उरणार नाही." हे कुठून बोलले देव जाणे.

अध्यक्षांचं हसणं थांबलं. "ठीक आहे. पहिल्या सामन्याला स्टँड भरून दाखवा. भरला तर नाव तुमचं आणि संघही राहील. नाही भरला तर मी हे सगळं गुंडाळतो. रिकाम्या बाकांसाठी मला संघ नाही ठेवायचा."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या एका वाक्याने त्या माणसाचा अख्खा संघ पणाला लागला होता. बाहेर आल्यावर मी माफी मागायला गेले, तर तेच म्हणाले, "असू दे ताई. बिबट्याखाली हरण्यापेक्षा हे बरं." याने मला बरं वाटायचं सोडून आणखी वाईट वाटलं.

सामन्याचा दिवस उजाडला. प्रवेश फुकट होता, पत्रकं मी घरोघर स्वतः वाटली होती. साडेतीन वाजता सामना सुरू झाला तेव्हा स्टँडमध्ये खाण्याचे डबे घेऊन आलेली चारशे माणसं असतील नसतील. अर्ध्याहून जास्त बाकं मोकळी. अध्यक्ष पहिल्या रांगेत बसून मागे वळून वळून मोजत होते. मामंजी सकाळपासून स्टँडच्या छपरावर होते, धुतलेला सदरा घालून, भोंग्याच्या बटनाशेजारी स्टूल मांडून. कारखान्याच्या साहेबांनी भंगारातला भोंगा आनंदाने दिला होता. त्यांना वाटलं, शोभेला हवाय.

नवव्या मिनिटाला आमच्यावर गोल झाला. पोरं जीव तोडून खेळत होती, पण स्टँड थंड. लोक टाळ्यासुद्धा परक्याच्या लग्नात वाजवाव्यात तशा वाजवत होते. आमच्या गावाला ही पोरं अजून आपली वाटतच नव्हती.

पाच वाजायला वीस मिनिटं कमी असताना आमच्या डाव्या बगलेच्या पोराने तिघांना चकवून चेंडू गोलात मारला. एक-एक! पोरं थांबली. सवयीप्रमाणे सगळ्यांनी वर बघितलं.

आणि मामंजींनी बटन दाबलं.

दोन वर्षांनी तो आवाज गावाने ऐकला. आधी खर्जात घुरघुरला, मग चढत चढत गेला आणि पत्रे थरथरायला लागले. मैदानावरची पोरं वेडी झाली. एकमेकांच्या अंगावर पडली, गोलकीपर तर पॅडसकट शंभर पावलं धावत आला. मास्तर दोन्ही हातांनी तोंड झाकून उभे होते.

पण स्टँडमध्ये काय झालं? स्टँडमधली चारशेच्या चारशे माणसं एकदम उठली, डबे पिशवीत टाकले, चपला शोधल्या आणि दरवाजाकडे चालायला लागली! भोंगा झाला की घरी जायचं, हे एकतीस वर्षं अंगात मुरलेलं. कुणी विचारसुद्धा केला नाही. अध्यक्षांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी जन्मात विसरणार नाही. मी बाकावर चढून बोंबलले, "अहो, कुठे निघालात? गोल झालाय, गोल! सुट्टी नाही झालेली!"

पुढचा माणूस पायरीवर थबकला. त्याने हातातल्या डब्याकडे बघितलं. मग मागच्याकडे बघितलं. आणि तो जो हसत सुटला, तो खाली बसूनच हसायला लागला. हसणं वरच्या रांगेपर्यंत गेलं. सगळे एकमेकांचे डबे दाखवून हसत होते, पोरांकडे बघून हात उंचावत होते, आणि पहिल्यांदा कुणीतरी ओरडलं, "चला रे, आपला भोंगा!"

तेवढ्यात फाटकाकडून गलका आला. आमच्या गावात अवेळी भोंगा झाला तर त्याचा एकच अर्थ, भट्टीपाशी काहीतरी झालंय. अख्खं गाव कारखान्याकडे धावत सुटलं होतं. हाताला साबण लागलेल्या बायका, अर्धी दाढी झालेला एक गृहस्थ, न्हाव्यासकट. कारखान्याचा पहारेकरी त्यांना सांगून दमला, "इथं नाही, तिकडे! गोल झालाय!" लोक तावातावाने मैदानात घुसले.

"कुणी वाजवला भोंगा?" गिरणीवाल्या आजी कडाडल्या. मी छपराकडे बोट दाखवलं. आजींनी मामंजींना बघितलं, मग मैदानातल्या निळ्या जर्सीवरचा पांढरा ठसा बघितला. "अगं, तूच छापलेला ना हा?" असं म्हणून दुसऱ्या रांगेत अध्यक्षांच्या मागे ऐसपैस बसल्या. धापा टाकत आलेलं गाव एकेक करून टेकलं. आता आलोच आहोत तर बघू या, म्हणून. दहा मिनिटांत बाकं संपली. नंतरचे लोक पायऱ्यांवर बसले, त्यानंतरचे भिंतीवर चढले.

पुढचा खेळ मी नीट पाहिलाच नाही, मी स्टँड बघत होते. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नर मिळाला तेव्हा मात्र सगळे चिडीचूप झाले. चेंडू आत आला, थांबला आणि कप्तानाने तो असा लोटला की गोलाच्या फळीवर आदळल्याचा आवाज आधी आला आणि गोल झाल्याचं मागून कळलं. दोन-एक! या वेळी भोंगा ऐकूच आला नाही, एवढं गाव ओरडत होतं.

मास्तरांची अंतिम शिट्टी वाजली... चुकले, पंचांची वाजली, मास्तरांमध्ये शिट्टी फुंकायलाही दम उरला नव्हता. ते मैदानात मटकन बसले होते आणि अठरा पोरं त्यांच्याभोवती. मी तिथवर गेले तर माझा हात धरून म्हणाले, "ताई, राहिलो आम्ही." बास, एवढंच. आम्ही दोघंही रडत होतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

सामना संपला होता, पण स्टँडमधून कोणी हलेना. अध्यक्ष खुशीत उठले, भाषण करायचं असावं त्यांच्या मनात. मागून गिरणीवाल्या आजींनी त्यांचा कोट धरून त्यांना खाली बसवलं.

"बसा हो. पाचचा भोंगा व्हायचाय अजून."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सगळं गाव छपराकडे बघत बसलं होतं, डबेवाले डबे मांडीवर घेऊन. मामंजी स्टुलावरून उठले, उभे राहिले. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी नीट बघितलं. नऊशे जणांची बाकं, पायऱ्या, भिंती, सगळे वाट बघत होते आणि त्यांनी कुणाला घाई करू दिली नाही.

या वेळी ते पुन्हा खाली बसले नाहीत. त्यांनी भोंगा दिला आणि गाव घरी गेलं.