मतदानाआधीचा कौल

तुम्ही शहरातली माणसं म्हणाल, मत कुणाला द्यायचं ते देवीला कशाला विचारता? अहो, आमच्या गावात बावन्न सालच्या निवडणुकीपासून हीच रीत. गावाचं मत एकगठ्ठा पडायचं. बैठकीत एकमत झालं तर बरं, नाहीतर वाघजाईला कौल लावायचा. देवी देईल तो आमचा खासदार, मग तो निवडून येवो नाहीतर आपटो.

चौऱ्याऐंशी साली गाव मधोमध फाटला. निम्मे म्हणत मुंबईचा वकील, निम्मे म्हणत इथला मास्तर. आम्ही देवीचे गुरव, म्हणून कौल लावायचं काम आमच्या ह्यांचं. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर वकील, डावी पडली तर मास्तर.

पण भागोजी गावकराला धीर कुठला! गावचा मानकरी तो, देवळाचा सगळा कारभार त्याच्या हातात. त्याने वकिलाला अख्ख्या गावाची मतं आधीच देऊन टाकलेली. कौलाच्या दिवशी सकाळीच आमच्या पडवीत येऊन बसला.

"भिकाजी, उजवी पाकळी जरा हलकी लाव," ह्यांना म्हणाला. "नाहीतर सेवाही गेली नि हे घरही."

घर देवळाच्या जागेतलं.

तो गेल्यावर मी म्हटलं, "खबरदार हो! भीक मागून खाऊ, पण आईच्या अंगाला खोटा हात लावायचा नाही." हे मान खाली घालून आंघोळीला गेले.

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. ह्यांनी गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या आणि मागे सरले. थोड्या वेळाने उजवी पाकळी कडेने सुटली, लोंबायला लागली. भागोजी मिशीतल्या मिशीत हसला. आणि तेवढ्यात डावी पाकळी सरळ खाली! उजवी तशीच लोंबत राहिली.

"आई वाघजाई!" मास्तरवाल्यांनी गजर केला.

भागोजी उसळला. "हातचलाखी आहे ही! भिकाजी, परत लाव!"

हे नुसते उपरण्याने घाम पुसत राहिले. अहो, बोला की काहीतरी! मला राहवेना. पदर खोचून मी पुढे झाले.

"देवीला दोनदा विचारतात काय रे मेल्या? माझ्या नवऱ्याचा हात स्वच्छ आहे. आईसमोर सांगते, माझ्या कुंकवाची शपथ!"

बाईने कुंकवाची शपथ घेतल्यावर कोण काय बोलणार? कौल मास्तरला, ठरलं. भागोजीला ते गिळावं लागलं, पण राग त्याने आमच्यावर काढला. सगळ्यांना बाहेर काढून देवळाला कुलूप ठोकलं. "गुरव दुसरा आणतो," म्हणाला. "तुम्ही दोघांनी ह्या पायरीला पाय लावायचा नाही. घर रिकामं करा." मास्तरवाल्यांना हवा तो कौल मिळाला होता, ते कशाला तोंड उघडतील?

मी ताठ मानेने घरी आले नि भांडी बांधायला घेतली. "जाऊ दे गेलं तर," मी म्हटलं. "आपण खोटं नाही केलं."

हे भिंतीला टेकून बसले होते.

"अगो येसू, तू शपथ कशाला घेतलीस गो? मी उजवीच हलकी लावली होती. नुसती टेकवली होती."

माझा हात कपाळाकडे गेला. ह्यांना धोपटावं की गळ्यात पडून रडावं, कळेना. म्हटलं, "उठा. आत्ताच्या आत्ता आईच्या पायांवर डोकं ठेवा. माझी शपथ सोडवा."

"आत जाणार कसे? कुलूप आहे."

तरी गेलो आम्ही. पायरीची बंदी, म्हणून खाली मातीतच डोकी टेकली. आईने ऐकलं का, ते आजवर कळलं नाही. ह्यांना साधी ठेच लागली तरी माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.