बसून मोजलेला दाब

मी शाळेत खेळाचा मास्तर आहे. मुलांना दोरीवरच्या उड्या शिकवतो, आणि शिकवता शिकवता आंधळा होत होतो, एवढीच तक्रार होती. उड्या झाल्या की डाव्या डोळ्यापुढे धुकं आणि दिव्याभोवती रंगीत कडी.

डोळ्यांच्या हॉस्पिटलात चौदा महिन्यांत पाच खेपा घातल्या. दर वेळी तीन तास बाकावर बसवायचे आणि मग डोळ्यातला दाब मोजायचे. तीन तास गप्प बसवलं तर कुकरचाही दाब उतरतो. आकडा नॉर्मल. डॉक्टर म्हणायचे, "मोबाइल कमी बघा." पाचव्या खेपेला म्हणाले, "लग्न झालंय का?" याचा संबंध कुठल्या डोळ्याशी, ते सांगितलं नाही.

"मग उड्या मारूनच जा की," ताई म्हणाली. ताई शिवणकाम करते. डॉक्टरकी शिकलेली नाही, म्हणून तिला सुचलं.

सहाव्या खेपेला माझ्या आधी दोनच जण उरले तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये दोरी काढली. शंभरीला वॉचमन आला.

"ओ भाऊ, इथे उड्या मारायला मनाई आहे."

"कुठे लिहिलंय?"

तो बोर्ड शोधायला गेला.

"मार पटापट," सोबत आलेली ताई म्हणाली, "तो येईस्तोवर दोनशे होतील."

दाब मोजणाऱ्या बाईंनी मोजला. एकविसाच्या आत हवा, भरला अडतीस. परत मोजला. अडतीसच.

"उड्या मारून आलात? मग हा आकडा धरता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग मी जन्मभर तुमच्या बाकावर बसू का?"

बाई हळूच म्हणाल्या, "सर, डोळ्याची सोनोग्राफी करून बघू या."

मला आडवं केलं, डोळा बधिर केला, त्यावर पाण्याची इवलीशी वाटी बसवली.

"मासा तेवढा सोडायचा राहिला," ताई म्हणाली.

मशीनच्या पडद्यावर दिसलं ते असं: बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सरळ हवा, माझा झोळीसारखा मागे लोंबत होता. उडीगणिक तो भिंग धरून ठेवणाऱ्या दोऱ्यांवर घासायचा, त्याचा रंग झडायचा आणि डोळ्यातलं पाणी निघायची वाट त्या भुकटीनं तुंबायची.

डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिलं, 'रुग्ण उशिरा आला.'

"पाच तारखा याच फाइलमध्ये आहेत," मी म्हणालो. "शिक्के तुमचे."

"तसं लिहायची पद्धत असते."

"पद्धत खोडा."

ताई दाराशी उभी होती, आणि दार एकच होतं. त्यांनी खोडलं.

लेझरनं त्या रंगीत पडद्याला सुईच्या टोकाएवढं भोक पाडलं, झोळी सरळ झाली. दाब उतरवायचे थेंब दिले, ते चालूच राहणार होते. डाव्या डोळ्याच्या नजरेचा नाकाकडचा कोपरा गेला, तो परत येणार नाही, असं डॉक्टर खिडकीकडे बघत म्हणाले. मग चिठ्ठी दिली: पुढच्या तपासणीआधी उड्या माराव्यात.

महिन्यानं गेलो तर कॉरिडॉरमध्ये कोरा करकरीत बोर्ड: 'येथे उड्या मारण्यास सक्त मनाई आहे.' वॉचमननं चिठ्ठी दोनदा वाचली आणि स्वतःच माझ्या उड्या मोजायला लागला. दोनशे झाल्या. दाब भरला सतरा.

बाहेर आलो तर बाकावरचा जाड चष्म्याचा पोस्टमन वॉचमनला विचारत होता, "जिने चढलो की मलाही कडी दिसतात. ती चिठ्ठी कुठे मिळते?"

"आत. आधी तीन तास बसा."

मी दोरी पोस्टमनच्या हातात दिली आणि बोर्ड झाकून उभा राहिलो.