खडकावर गेलेले जाळे

सरोवरातल्या ज्या बुडालेल्या खडकावर पिकरेल मासे अंडी घालतात, तो मासेमारीला बंद करावा म्हणून मी सभेत तीन वर्षे भांडलो आणि अखेर आमच्या ओजिब्वे आदिवासी वस्तीने तो बंद केला. यंदा त्याच्या हद्दीबाहेर, शंभर पावलांवर, मी गोठलेल्या सरोवरात बर्फाखाली जाळे सोडले. जुनी माणसे जाळ्याची टोके तळाशी दगडांना बांधतात. मी ती वर बर्फात रोवलेल्या खुंट्यांना बांधली, कारण तसे जाळे लवकर उपसता येते. मार्चअखेरच्या वाऱ्याने बर्फ फुटला आणि माझ्या खुंट्या रोवलेला तुकडा वाहत, जाळे ओढत, थेट त्या खडकावर जाऊन अडकला.

अँब्रोजमामा काठावर येऊन उभा राहिला.

"काय भाचेबुवा, सभेत दोन-दोन तास बोललास, तेव्हा जाळ्याला बोलवायचं राहिलं वाटतं?"

"मामा, थट्टा पुरे. होडी काढू या."

"या बर्फातून? आणि चालत गेलास, तर आधी तुलाच उपसावं लागेल."

"अहो, पण अंडी भरलेली मासळी आता तिथेच जमते आहे!"

"ठाऊक आहे रे," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि नायलॉनचं जाळं काही कुजत नाही, मासे मारतच राहतं."

दगडांविषयी त्याने अवाक्षरही काढले नाही, हे मला अधिक लागले. पाणी मोकळे व्हायला निदान तीन आठवडे लागणार होते. दुपारपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो. करण्यासारखे काही नव्हते, आणि घरी जाणेही जमत नव्हते.