पात्यावरचं नाव

विनोदने शिडीवरून पंखा खाली सोडला आणि सत्यभामाने पदर पसरून तो अंगावर घेतला. तेलकट धुळीने तिचं लुगडं माखलं.

"मावशी, सोड न. खाली सचिन उभा आहे, तो धरते."

"राहू दे. माह्याच आहे."

करडीच्या बौद्ध वस्तीतलं जुनं समाजमंदिर उद्या पाडून तिथं नवा हॉल बांधायचा होता. सकाळीच वंदना घेऊन मूर्ती मंगलाबाईच्या घरी नेली होती. अर्ध्या छपराची कवेलू उतरली होती. पौर्णिमेला जिथं माणसं बसत, तिथं आता मे महिन्याचं ऊन मांडी घालून बसलं होतं. उरलेल्या सावलीत सतरंज्या, भाताचे मोठे गंज, पंखे भिंतीशी लावून ठेवले होते. वस्तीत कुणी गेलं की त्याच्या नावाने समाजमंदिराला काहीतरी द्यायची रीत होती. आता ज्याची वस्तू त्याच्या घरी परत जात होती.

सत्यभामाच्या पंख्याच्या तीन पात्यांवर लाल ऑइलपेंटने लिहिलं होतं: 'स्मृतिशेष', 'अंकुश', 'यांच्या स्मरणार्थ'. अक्षरं विनोदच्याच हातची. सत्यभामाचा मुलगा अंकुश त्याच्या वर्गातला. साकोलीकडे रस्त्याच्या कामावर असताना त्याला ऊन लागलं; दवाखाना गाठेपर्यंत अंगातला घामसुद्धा आटला होता. तो गेल्यावर कुणी भांडी सुचवली, कुणी सतरंजी. आईने पंखाच आणला.

"घरी घेऊन जाय न वो," गंज पुसता पुसता मंगलाबाई म्हणाली. "भैय्यालाल भाऊच्या डोस्क्यावर लाव. थंडं त होईन."

"त्याच्या डोस्क्याले पंखा नाही पुरत. तलाव लागते," सत्यभामा म्हणाली. नवऱ्यावरचं हे हसू ओठांवरून जायच्या आतच ती विनोदकडे वळली. "नव्या हालमंदी हा कोठं लावशीन?"

विनोदचा हात खिशातल्या नकाशावर गेला. नव्या छताला पंख्याचे हूकच नव्हते. वर सपाट पांढरं छत, भिंतीत कूलर. समितीने एकमताने ठरवलं होतं, आणि वर गेलेल्या हातांत त्याचाही हात होता. तिच्यासमोर उभं राहून ते सांगणं त्याच्याने झालं नाही.

"नावाच्या वस्तू नको म्हणते समिती. कोनाचं नाव कोठं, यावरून भांडणं होतेत, मावशी."

"नावाचीच अडचण आहे?"

"हो."

"दुसरं काही नाही?"

"नाही."

तिने मान हलवली. पटलेल्या माणसाची मान.

विनोद पुन्हा वर चढला. कवेलू हातोहात खाली जात राहिली. उन्हाने डोळ्यांपुढे काजवे चमकले तेव्हा तो उतरला, आणि तेव्हा त्याला तो आवाज ऐकू आला. खरखर, थांबून थांबून. मंगलाबाईचा हात गंजावर थबकला होता.

पंखा मांडीवर घेऊन सत्यभामा पडक्या भिंतीतल्या विटेच्या तुकड्याने पाती घासत होती. एका पात्यावरचं 'स्मृतिशेष' गेलं होतं. दुसऱ्यावरचं 'यांच्या स्मरणार्थ'ही गेलं होतं. नावाचं पातं तिने शेवटी घेतलं होतं.

"मावशी, काय करून राहिली?"

"तूच त म्हटलं, नावाची अडचण." तिने वर पाहिलं नाही. "नाव गेलं त चालन मले. पंखा तेथं पायजे. पोट्टे उनातून येतेत."

तिने लाल भुकटी फुंकली. 'अं' निघाला होता. 'कुश' राहिला होता. वीट त्याच्यावरून दोनदा, तीनदा फिरली आणि तिचं मनगट थकलं.

"कायचा रंग लावला होता रे बाबू? निघूनच नाही राहिला."

तिने विटेचा तुकडा त्याच्यापुढे धरला.

विनोदने तो घेतला. तिच्या मुठीची ऊब त्यात होती. त्याने काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याला नीट घासता यावं म्हणून तिने ते पातं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.